वैयक्तिक कारणास्तव

‘वैयक्तिक कारणास्तव’ या शब्दांवर मॅडमचं बोट येऊन थांबलं. राजीनाम्याचा कागद पुढे करून सून काउंटरपाशी उभी होती.

चष्म्याचं दुकान नुकतंच उघडलं होतं. फ्रेम पुसून झाल्या होत्या, पहिलं गिऱ्हाईक अजून यायचं होतं. दुकान सासूचं, आणि गेली नऊ वर्षं तिथे एक नियम होता: घरात ‘आई’ आणि ‘तू’, दुकानात ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’. नियम सासूनेच घातलेला. पाळायची तर इतकी काटेकोर, की दोघी एकाच स्कूटरवरून यायच्या आणि उतरल्या उतरल्या मॅडम म्हणायच्या, “आज वेळेवर आलात हं.”

म्हणूनच तर राजीनामा घरी देता आला नव्हता. काल जेवताना सुनेने नुसता ‘नोकरी’ हा शब्द काढला, तर सासू म्हणाली, “दुकानाचं दुकानात. भाजी वाढ.” नवऱ्याने तर आधीच हात वर केले होते. तेव्हा तिने रीतसर अर्ज लिहिला. पुष्कळ शिकायला मिळालं, महिनाभर आधी कळवते आहे, काम नीट सोपवूनच जाईन, सगळं कसं अगदी व्यवस्थित. चार कागद फाडले आणि पाचवा सुवाच्य अक्षरात उतरवला. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीच्या कामावर तिला जागा मिळत होती. ती तिला मनापासून हवी होती आणि आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. पण मालकीण रुसली तर महिन्याभराचा प्रश्न. सासू रुसली तर जन्माचा.

“वैयक्तिक कारण म्हणजे?” मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “घरी काही अडचण?”

“नाही, मॅडम.”

“नवरा काही बोलतो?”

“तो कुठे काही बोलतो!”

“मग सासू?”

अर्ज कसा लिहावा हे सुनेने चार जणांना विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर कुणीच सांगितलं नव्हतं.

“मोकळेपणाने सांगा,” मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. “सासूबाईंच्या कानावर मी जाऊ देणार नाही.”

सुनेने ओठ दाबून हसू आवरलं. “सासूबाई चांगल्या आहेत, मॅडम. तोंडाने जरा फटकळ, पण माझी परीक्षा होती तेव्हा महिनाभर त्यांनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.”

“हं. म्हणजे मालकीण.”

“मालकीण...” सुनेने काउंटरवरची एक फ्रेम सरळ केली. “मालकिणीने नऊ वर्षांत माझ्या कामाला एकदाही चांगलं म्हटलं नाही.”

बोलून गेली खरी, आणि लगेच जीभ चावली. मॅडमनी छोटा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि एका फ्रेमचा आधीच घट्ट बसलेला स्क्रू आणखी आवळायला घेतला.

“मालकिणीला वाटलं असेल,” मान वर न करता त्या म्हणाल्या, “चांगलं म्हटलं की माणूस दुसरीकडे जागा शोधतं.”

“न म्हटलं तरी शोधतंच, मॅडम.”

मॅडमनी अर्जाची घडी घातली. “नामंजूर. इतक्या नेमक्या काचा बसवणारं माणूस मला दुसरं मिळायचं नाही. लहान मुलं तर तुमच्याशिवाय कुणाला डोळ्यांना हात लावू देत नाहीत. मालकीण म्हणून मी यावर सही करू शकत नाही.”

नऊ वर्षांचं सगळं कौतुक एकदम मिळालं, आणि तेही नकारात. हसावं की रडावं ते सुनेला कळेना. शेवटी डोळ्यांनीच ठरवलं आणि ते भरून आले.

मॅडम उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि भर सकाळी साडेदहाला त्यांनी दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं. धडाड् आवाज झाला. दुकानात अंधार झाला. डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा तेवढा उरला.

“दुकान बंद झालं,” सासू म्हणाली. “आता बोल. कुठे आहे जागा?”

“डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात, आई.”

“मशिनं असतील मोठी मोठी?”

“आपण नुसती चित्रात बघितलीत ना, ती सगळी.”

“अगं बाई!” सासूने हातातला अर्ज छातीशी धरला. “आणि निघायचं किती वाजता?”

“आठला.”

“म्हणजे डबा साडेसातला हवा. मी करीन. तू करायला घेतलास तर पेशंट घरी जातील.” तिने काचा पुसायचं मऊ फडकं सुनेपुढे धरलं. “डोळे पूस आधी. रडतेस कसली? हो म्हणून कळवून टाक त्यांना.”

सुनेने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि फडकं कशाचं आहे ते लक्षात येऊन दोघी खो खो हसत सुटल्या. बाहेरून कुणीतरी शटरवर टकटक केली. पहिलं गिऱ्हाईक आलं होतं.

“पण आई,” सून घाईघाईने म्हणाली, “मॅडमची सही? त्या तर नाही म्हणाल्या.”

“तिची समजूत मी घालते,” सासू शटरकडे जात म्हणाली. “आता इथे दिवसभर तिला माझ्याशिवाय आहे कोण?”