भटूचा आवाज

पडद्यावर भटूचे ओठ मिटले, तरी त्याचा आवाज क्षणभर चालूच राहायचा. थिएटरात ते फक्त आपल्याच लक्षात येतंय, असं भटूला वाटत होतं, कारण तो आवाज दुसऱ्याचा आहे हे त्याला माहीत होतं. ‘मुंबईच्या गुंडाच्या तोंडी धुळ्याचा हेल कसा चालेल?’ म्हणत निर्मात्याने परस्पर डबिंग करून घेतलं होतं. आणि भटू तर रॅपर. आवाजावरच त्याचं नाव झालेलं.

खेळ सुटला. टोपी डोळ्यांवर ओढून तो जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहिला.

“नुसते लाल दिवे आणि धूर. गोष्ट कुठंय?” एकजण कुरकुरला.

“गोष्ट राहू दे. आपल्या भटूचा आवाज ऐकलास? काटा आला अंगावर,” दुसरा म्हणाला.

भटूला धड थांबवेना, धड निघवेना.

तेवढ्यात आई बाहेर आली. “छान आहे पिच्चर,” ती म्हणाली, “पण तू कधी बोलशील, याचीच वाट बघत बसले रे मी.”

दुसऱ्या भागासाठी निर्माता महिनाभर मागे लागला होता आणि भटू ‘सांगतो’ म्हणत टाळत होता. त्याने तिथेच फोन लावला.

“साहेब, माझा आवाज नसेल, तर दुसऱ्या भागात मीही नाही.”