निळा दिवा

शेजारच्या अर्पिताच्या नवऱ्याने कंप्युटरजवळ बटणांची एक छोटी पाटी बसवली, तेव्हापासून कुंदा आतल्या आत जळत होती. तो घरूनच काम करायचा. खुर्चीतून न उठता एक बटण दाबलं की हॉल उजळायचा, दुसरं दाबलं की अंगणातला दिवा लागायचा. कुंदाचा नवरा वणीच्या खाणीतून कोळशाचा ट्रक चालवायचा. गेलेला बल्ब बदलायलाही त्याने दोन आठवडे लावले होते.

एका दुपारी ती मुद्दाम अर्पिताकडे गेली. दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या, तेवढ्यात ओट्यावरचा दिवा आपोआप निळा झाला.

"अवं माय! हा रंगही बदलते?"

"निळा म्हणजे चहा," अर्पिता आधण ठेवत म्हणाली. "हिरवा झाला का जेवण वाढाचं. लाल लागला का मिटिंग सुरू, भांड्याचा आवाज नाही पाह्यजे."

कुंदा बघतच राहिली. "दोन पावलांवर तर बसले हायेत. हाक काहून नाही मारत?"

"कामातून ध्यान हटते म्हणतात."

"आमचे तर ट्रकातून उतरले का तिथूनच बोंबलतात, कुंदेऽऽ! सारी गल्ली आयकते. मले तर लाजच वाटते."

"मले माहीत आहे, ताई." अर्पिताने कपात चहा गाळला. "भाऊजींचा आवाज आला का मी हातातलं काम टाकून खिडकीपाशी येते. इतकं जीव तोडून कोणी कोणाले बोलावते, ते आयकाले."