तीन घरं सोडून

"इतकी दाटीवाटी करून राज्य चालतं का?" लॅपटॉप शरयूकडे सरकवत मी म्हणालो.

"चालतं. एकाला हात लावला की चार मदतीला धावतात."

रविवारी दुपारी तिच्याकडे आमचा हा साम्राज्यांचा खेळ रंगतो. दोन शहरांमध्ये पटावरची तीन घरं मोकळी हवीत, एवढाच नियम. मी बदल्यांच्या नोकरीत आयुष्य काढलेला, त्यामुळे माझी शहरं नकाशाभर पांगलेली. ती मात्र तीन घरं मोजते आणि लगेच पुढचं शहर ठोकते. नावं भाज्यांची. आज पडवळच्या सैन्यानं माझं बंदर घेतलं, कारल्यानं सोन्याची खाण.

पण माझं लक्ष होतं कुठे? आम्हा दोघांचीही मुलं केव्हाच मार्गी लागली आहेत. गेल्या रविवारी धीर करून मी तिला लग्नाचं विचारलं, तर म्हणाली, "तुमची चाल आहे, कारखानीस." बस, एवढंच.

आता तिनं नवं शहर वसवलं, थेट माझ्या राजधानीला खेटून, नियमात बसेल तितकं जवळ. संपलं माझं राज्य. ती नाव टाइप करू लागली आणि बराच वेळ करतच राहिली. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवून घाईघाईनं चहा टाकायला उठली.

"दोडका का?" मी विचारलं.

"वाचा की," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी चष्मा पुसून वाचलं. शहराचं नाव होतं, 'मुलांना तुम्हीच सांगा'.