आजी, एकच पान

खोटं वाटेल, पण शपथेवर सांगते. माझी नात ओजस्विनी इथे चंदीगडला पियानो शिकते. एका अमेरिकन संगीतकाराच्या, कुणी कधी वाजवतच नाही अशा रचनांवर तिनं दोन वर्षं घालवली. परवा त्यातलीच एक परीक्षकांपुढे वाजवायची होती. त्यांना आवडली तरच स्कॉलरशिप.

पानं उलटायला कुणी मिळेना, म्हणून मीच बसले शेजारी. "आजी, मी मान हलवली की एक पान. एकच हं."

मला त्या नोटेशनमधलं ओ की ठो कळत नाही, पण मान हललेली कळते. फक्त जरा आधी गुपचूप तिळगुळाची गजक खाल्ली होती ना, त्या गुळाच्या बोटांनी दोन पानं चिकटून एकदम उलटली. पोरगी दचकली, पण हात न थांबवता समोर जे पान आलं तिथूनच पुढे वाजवत गेली.

वाजवून झाल्यावर परीक्षक स्वतः उठून आले. "बेटी, तीस साल से इन्हीं का संगीत पढ़ रहा हूँ. वो बीच का धीमा हिस्सा क्या बजाया आपने, आँखें भर आईं." स्कॉलरशिप पक्की.

ऑटोत बसल्यावर ओजस्विनी माझ्या कानात म्हणाली,



"आजी, तो संथ भाग तुझ्या चिकटलेल्या पानांत होता."