एका शब्दापायी

नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या हिमानीला पाहायला काटोलहून सौरव आला. घरची संत्र्याची बाग, स्वभावाने गोड, आईला तर फारच आवडला. "इकडे यायला निघालो अन् गाडी पंक्चर झाली, काय आयरनी आहे!" एवढंच तो म्हणाला. याला आयरनी म्हणत नाहीत, असं सांगून हिमानीने नकार कळवला.

"एका शब्दापायी काहून चांगलं स्थळ घालवून राहिली वं?" आई चिडली.

मग हिंगण्याच्या कारखान्यातला इंजिनिअर नचिकेत आला. आयरनी म्हणजे अपेक्षेच्या अगदी उलट घडणं, हे त्याने इतकं नेमकं सांगितलं की हिमानी मनातल्या मनात साखरपुड्याची साडी निवडू लागली. त्याच्या विनोदांवर ती पोट धरून हसली, "मी लिटरली मेले!" म्हणाली, आणि लगेच होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. "मुलगी छान आहे, पण 'लिटरली' चुकीचं वापरते. मेली कुठे होती? माझ्यासमोर पोहे खाऊन राहिली होती."

हिमानी रडायला लागली. आईने तिला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "मंग आता याले काय म्हणतेत वं?"



"फुटकं नशीब, आई! दुसरं काय?"