अंधाराची तारीख

आश्लेषाने बिग बेंडच्या वाळवंटातली सहल मुद्दाम अमावस्येला आखली होती. आकाशगंगा पाहायची, तर चंद्र नको. कच्च्या रस्त्यांचे नकाशे, जादा स्टेपनी, दोघांना पुरेल एवढं पाणी, सारं गाडीत चढलं होतं. तेवढ्यात नवऱ्याने, सिद्धेशने, नागपूरचा फोन ठेवला.

"आई म्हणते, अमावस्येला निघू नका. मी रजा पौर्णिमेला शिफ्ट केली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पौर्णिमेचा चंद्र इथे अर्विंगमध्ये घराखालच्या पार्किंगमधूनही दिसतो! आकाशाचं आईंना विचारलंस? खगोलशास्त्रात पीएचडी मी करतेय!"

"चिडतेस काय यार? अमावस्या पुढच्या महिन्यातही येईल."

"आणि तेव्हाही आईंचा फोन येईल."

तिने डिकी उघडली आणि त्याच्या वाट्याचं पाणी खाली उतरवलं.