हिरड्यांचं भांडण

केटा गावाच्या किनाऱ्यावर जाळी ओढण्यात हयात घालवलेला आग्बेको दातांच्या डॉक्टरला मात्र टरकून होता. छातीच्या दुखण्यावर उपचार सुरू झाले, तेव्हा त्याच्या गोळ्या घेऊन आलेली बायको, आब्लावी, म्हणाली, "हृदयाच्या डॉक्टरांनी हिरड्याही दाखवायला सांगितल्यात."

"दुखतंय छातीत आणि बघायचं तोंडात?" असं करवादत तो गेला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "बाबा, हिरड्यांत जंतू ठाण मांडून बसलेत. त्यांच्याशी लढता लढता शरीराचे पहारेकरी असे चिडतात, की हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही राग काढतात."

"अगदी माझ्या बायकोसारखे! भांडण शेजारणीशी आणि भांडी आपटते माझ्यापुढं."

हिरड्या साफ झाल्या, त्यांतून रक्त यायचं थांबलं, तोंडाचा वासही गेला. पुढच्या तपासणीला त्यानं हृदयाच्या डॉक्टरांचे हातच धरले. "तुम्ही दातांकडे पाठवलंत, फार उपकार झाले!"

"मी? मी नाही पाठवलं," डॉक्टर गोंधळले. "पण गेलात ते उत्तम केलंत."

आग्बेकोनं वळून सोबत आलेल्या बायकोकडे पाहिलं.

"रेडिओवर ऐकलं होतं मी," आब्लावी शांतपणे म्हणाली. "आणि खरं सांगू? हृदय तुमचं असलं, तरी त्या तोंडाशेजारी झोपायचं मला असतं."